दोनदा विकलेली खुर्ची

अडतीस वर्षं मी तिकिटं खपवली. विकणारा खिडकीत बसतो, लोक त्याच्याकडे जातात. खपवणाऱ्याला लोकांच्या दारात जावं लागतं. चपला काढायच्या, चहा नको म्हणायचं आणि मग तो प्यायचाच, गुडघ्यांची चौकशी करायची, मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारायचं, आणि उठता उठता पिशवीतून तिकीटबुक काढून म्हणायचं, "मग, किती लिहू?"

तळीवाडी ग्रामस्थ मंडळ, मुंबई. गाव कोकणात, पण निम्मा गाव परळ-लालबागला. दर फेब्रुवारीत परळच्या नाट्यगृहात आमचं नाटक. नटमंडळी आमचीच. बेस्टचा कंडक्टर राजा होतो, शाळेतली शिपाईण राणी होते, आणि दोघं एकमेकांची वाक्यं बोलून मोकळे होतात. तरी लोक येतात, कारण तिकीट मी घरी नेऊन दिलेलं असतं. लालबाग, परळ, भोईवाडा, दादर, थेट गिरगावापर्यंत एकशे बारा घरं. मकरसंक्रांत झाली की मी पिशवी उचलायचो.

नोकरी पाणी खात्यात केली, चावीवाला म्हणून. रस्त्यातल्या झाकणाखाली लोखंडी चावी घालून मी व्हॉल्व्ह फिरवला की चार चाळींच्या नळांना पाणी यायचं. लोक मला पाण्यामुळे ओळखायचे. निवृत्त झालो आणि ती ओळख गेली. नऊ वर्षांपूर्वी बायको, आमची बकुळा, गेली. मूलबाळ नाही. आमची चाळ पाडून तिथे टॉवर बांधला, त्यात मला सोळाव्या मजल्यावर घर मिळालं. लोक म्हणतात, नशीब काढलंत गणपतराव. सोळाव्या मजल्यावर वाऱ्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं ते मला दाराबाहेरच्या चपलांवरून माहीत आहे. खरं सांगायचं तर त्या एकशे बारा घरांवर मी वर्षभर जगत होतो.

जागा कोणाला कुठली द्यायची हे माझ्या डोक्यात असायचं. कोणाला मध्येच उठून जावं लागतं, त्याला कडेची खुर्ची. कोणाला ऐकू कमी येतं, त्याला पुढे. दोन सख्खे भाऊ अंगणाच्या हद्दीच्या चिऱ्यांवरून वीस वर्षं बोलत नाहीत, मग एक पुढे डावीकडे आणि दुसरा मागे उजवीकडे. कोणी बाहेर पडायच्या घाईत असेल तर दारातूनच सांगायचे, "काका, नाव टाकून ठेवा." मी टाकायचो, डोक्यात. तिकिटावर खुर्चीचा नंबर मी हाताने लिहायचो आणि साताच्या पोटात एक आडवी रेघ मारायचो. ती माझी सवय.

गेल्या वर्षी मी के रांगेतला सात नंबर दोनदा लिहिला.

एकदा दादरच्या दगडूसाठी, त्याचे आणि त्याच्या बायकोचे मिळून सात आणि आठ. आणि एकदा भोईवाड्याच्या शेवंतीवहिनींसाठी. वहिनी म्हणजे माझ्या गावच्याच, पाणी खात्यात माझ्या बरोबर असलेल्या मित्राची बायको. तो जाऊन बारा वर्षं झाली. वहिनी चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांच्या घरी मी नेहमी सगळ्यात शेवटी जायचो. बाकीची घरं उरकली की मग घाई नसायची. त्या चहात गवती चहा घालायच्या आणि मी पाऊण तास बसायचो. वर्षातून एकदा पाऊण तास. आम्ही काय बोलायचो म्हणाल तर काही खास नाही. पण त्या पाऊण तासाची मला वर्षभर आठवण यायची, हे मी आज कबूल करतो.

तर नाटकाच्या दिवशी वहिनी येऊन के-सातवर बसल्या. मागून दगडू सपत्नीक आला. दगडूचा आवाज मुळातच भोंग्याचा. "ओ बाई, उठा, ही आमची सीट हाय. तिकीट बघा तुमचं. कोणी दिलं?" सगळं नाट्यगृह वळून बघायला लागलं. मंडळाचे अध्यक्ष बाबुराव धावत आले, मला बोलावलं. मी दोन्ही तिकिटं हातात घेतली. दोन्हींवर सात, दोन्ही सातांच्या पोटात रेघ.

डोक्यात लख्ख उजेड पडला. चारशे माणसं बघत होती. त्यांच्या लेखी गणपत कधी चुकत नव्हता. या एका गोष्टीवर माझी सगळी पत उभी होती. मी वहिनींचं तिकीट मुठीत धरलं आणि म्हटलं, "हे आपलं नाही. डुप्लिकेट आहे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. ते तिकीट मी त्यांच्याच घरात बसून, त्यांच्याच चहाचा कप बाजूला सारून लिहिलं होतं.

बाबुराव म्हणाले, "वहिनी, हे तुम्हाला दिलं कोणी?"

"गेटावर एक माणूस होता," वहिनी म्हणाल्या. "त्याने दिलं. माका काय ठावक?"

मी म्हटलं, खुर्ची आणून देतो, कडेला बसा. "नको," त्या म्हणाल्या, "माझे पाय दुखतात." आणि पदर सावरत, सगळ्यांच्या गुडघ्यांना वाट मागत निघून गेल्या. मी तिकीट शर्टाच्या खिशात टाकलं. पडदा वर गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जायचं होतं, गेलो नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेल्यावर तर जायचं तोंडच राहिलं नाही. असा भेकडपणा एकदा केला की तो रोज करावा लागतो.

इकडे मंडळात त्या एका तिकिटाची दहा झाली. एप्रिलच्या सभेत कोणीतरी म्हणालं, झेरॉक्स मारतात. जूनमध्ये त्याची टोळी झाली. दगडूने तर त्या टोळीला बघितलंही होतं. मी एक शब्द बोललो असतो तर टोळी जागच्या जागी विरघळली असती. मी बोललो नाही. आणि गणपतीनंतरच्या सभेत आमचा सेक्रेटरी हितेंद्र लॅपटॉप उघडून म्हणाला, "या वर्षीपासून तिकिटं ब्लॉकचेनवर."

हितेंद्र पोरगा चांगला. लोअर परळला कंपनीत आहे, त्याच्या मित्राने हे ॲप काढलंय, मंडळाला फुकट देणार होता. मला समजावं म्हणून तो माझ्या शेजारी येऊन बसला.

"काका, तुमच्या तिकीटबुकाची स्थळप्रत असते ना, ती एकट्या तुमच्याकडे राहते. समजा तीच स्थळप्रत हजार जणांकडे आहे. कोणी एकाने खाडाखोड केली तर बाकीच्यांशी जुळणार नाही, लगेच पकडला जाईल. तिकीट कोणी घेतलं, कोणी कोणाला पाठवलं, सगळं लिहिलं जाणार. पुसता येत नाही."

"म्हणजे एक खुर्ची दोघांना विकता येणार नाही?"

"बापजन्मात नाही," हितेंद्र म्हणाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी एकशे बारा घरं माझ्याच चुकीपायी चालली होती आणि मी टाळ्या वाजवत होतो.

हितेंद्रने माझ्या फोनमध्ये ॲप घातलं, ते उघडायला चार आकडी नंबर ठेवून दिला. "कोणी तुम्हाला तिकीट पाठवलं तर इथे येईल काका. सात दिवसांत 'स्वीकारा' दाबायचं. नाही दाबलं तर पाठवणाऱ्याकडे परत जातं." मी हो हो म्हटलं आणि मनात म्हटलं, याला मी आयुष्यात हात लावणार नाही. फोनने टिंग केलं की मी तो उशीखाली सारायचो. राग कोणावर होता म्हणाल तर स्वतःवर, पण काढायला फोन बरा होता.

मकरसंक्रांत आली. सवयीने पिशवी उचलली, आत काहीच नव्हतं. तरी निघालो. म्हटलं, तिकीट नाही म्हणून काय झालं, माणसं तर तीच आहेत.

लालबागला बाबुरावांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, तोंडभर हसले आणि म्हणाले, "या, या. काय काम काढलंत?"

मी म्हटलं, "काही नाही, सहज."

"सहज?" ते म्हणाले. आम्ही बसलो. टीव्ही चालू होता. थोड्या वेळाने त्यांनी आवाज कमी केला, आणखी थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "नाही, काही पैशाबिशाची अडचण तर नाही ना?" अडतीस वर्षं त्या घरात मी मांडी घालून बसलो होतो आणि त्या दिवशी मला हात कुठे ठेवायचे कळेना. तिकीटबुक असलं की हातांना काम असतं. पाणी पिऊन उठलो. जिन्यात त्यांच्या सुनेचा आवाज ऐकू आला, "बरे आहेत ना ते?"

पुढच्या चार घरांतही तेच. काय काम काढलंत? या प्रश्नात वाईट काही नाही, मुंबईत कोणी कोणाकडे कामाशिवाय जात नाही. पण मला त्याचं उत्तर देता येईना. एकटा पडलोय म्हणून आलो, असं एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने दारात उभं राहून कसं म्हणायचं? पाचव्या घरानंतर मी फिरणं बंद केलं. भोईवाड्याला मात्र गेलो होतो, दोनदा. कोर्टाच्या बाजूने वळून वहिनींच्या चाळीखाली उभा राहिलो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर त्यांची साडी वाळत होती. दोन्ही वेळा साडी बघून परत आलो.

तो महिना सरता सरेना. सकाळी शिवाजी पार्कला जाऊन बसायचो, तिथे निवृत्त लोक घोळक्याने फिरतात आणि घोळक्यात शिरायला आधीपासून ओळख असावी लागते. कधी कधी पूर्ण दिवसात माझ्या तोंडून एकच शब्द निघायचा, दूधवाल्याला. "अर्धा."

नाटकाचा रविवार उजाडला. चारचा प्रयोग. बाबुरावांनी फोन करून बजावलं होतं, काका, यायचंच, मध्यंतरात तुमचा सत्कार आहे, अडतीस वर्षांच्या सेवेबद्दल. मला हसावं की रडावं कळेना. पांढरा शर्ट घातला. कपाटातल्या डब्यातून वहिनींचं ते तिकीट काढलं आणि खिशात ठेवलं. का, ते सांगता येत नाही. वर्षभर ते मी फाडू शकलो नव्हतो, आणि त्या दिवशी घरी ठेवूही शकलो नाही.

दारावर हितेंद्र लोकांचे फोन स्कॅन करत होता. लोक फोन पुढे करत होते, हिरवा दिवा लागत होता, आत जात होते. कोणाचं कोणाशी बोलणं नाही. मला बघून त्याच्या शेजारी उभी असलेली अनुजा पुढे आली. अनुजा म्हणजे शेवंतीवहिनींच्या शेजारच्यांची सून, नाटकात छोटं काम करते. ती आधीच गालाला रंग लावून आली होती.

"काका, तुम्ही असं का केलंत?" ती म्हणाली.

मला वाटलं, हिला कळलं. "काय केलं?"

"मावशींनी तिकीट पाठवलं होतं ना तुम्हाला. मीच शिकवलं त्यांना. के-सात आणि के-आठ घेतली त्यांनी, मुद्दाम तीच पाहिजेत म्हणाल्या. आठ तुम्हाला पाठवलं. सात दिवस सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे यायच्या, बघ गो, घेतलं काय भावोजीनी. तुम्ही घेतलंच नाही."

मी फोन काढला. नंबर आठवेना, हितेंद्रनेच उघडून दिला. अडतीस वर्षं लोकांच्या दारात तिकीट घेऊन जाणाऱ्या माणसाच्या दारात पहिल्यांदा कोणीतरी तिकीट घेऊन आलं होतं आणि मी ते उशीखाली दाबून ठेवलं होतं. पडद्यावर ओळीने लिहिलं होतं.

के-८. शेवंती यांच्याकडून गणपत यांना. अठरा जानेवारी.

स्वीकारले नाही. पंचवीस जानेवारी. परत.

"आता दाबलं तर?" मी विचारलं.

"नाही काका, ते गेलं. मावशींनी दोन्ही परत विकायला टाकली, दुसऱ्याच कोणीतरी घेतली. हे बघा, आत्ताच स्कॅन झाली."

"आणि ही ओळ? ही काढता येईल का?"

"तेच तर सांगितलं होतं तुम्हाला," हितेंद्र म्हणाला. "पुसता येत नाही."

आत मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मान वळवून बघितलं. के-सात आणि आठवर एक तरुण जोडपं पॉपकॉर्न खात होतं. स्टेजवर काय चाललं होतं मला माहीत नाही. माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. ज्या खुर्चीवरून मी तिला चारशे माणसांत उठवलं, तीच खुर्ची तिने पुन्हा घेतली आणि शेजारी मला बसायला बोलावलं. ती सगळं पोटात घालून मोकळी झाली होती. वरून मी तिला सात दिवस नाही म्हटलं.

मध्यंतर झालं. मला वर नेलं, शाल घातली, नारळ दिला. बाबुराव माईकवर बोलले, गणपतराव म्हणजे मंडळाचा कणा, त्यांच्या हातून कधी एका खुर्चीचाही घोळ झाला नाही. मग माईक माझ्या हातात आला.

मी म्हटलं, "घोळ झाला. मागच्या वर्षी डुप्लिकेट तिकीट कुठलंच नव्हतं. टोळीबिळी काही नाही. के-सात मी दोनदा विकलं. शेवंतीवहिनींचं तिकीट खरं होतं, मी त्याला खोटं म्हटलं, आणि त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. हे बघा ते तिकीट." मी खिशातून काढून वर धरलं. तेवढा लहान कागद दुसऱ्या रांगेतूनही दिसला नसेल.

दगडूचा भोंगा आला, "अहो मग तेव्हाच बोलायचं ना!" कोणीतरी हसलं. बाबुरावांनी हळूच माझ्या हातातून माईक घेतला. "वयोमानाप्रमाणे होतं असं. किती मोठं मन आहे बघा काकांचं." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. भरपूर वाजवल्या. मला वाटत होतं कोणीतरी चिडेल, कोणीतरी म्हणेल, त्या बाईची माफी कोण मागणार? कोणीच म्हणालं नाही. तिसऱ्या घंटेला सगळे वडापावचे कागद चुरगाळत आपापल्या खुर्चीकडे वळले.

मी मागच्या दाराने निघालो. परळहून भोईवाडा किती लांब? चालत निघालो, खांद्यावर शाल, हातात नारळ, चार लोकांनी वळून बघितलं. या वेळी चाळीखाली थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा साडी बघून परत गेलो असतो. जिना चढलो आणि कडी वाजवली.

वहिनींनी दार उघडलं. केस पूर्वीपेक्षा पांढरे झाले होते. एका हाताने दार धरून ठेवलं होतं, पूर्ण उघडलं नव्हतं. शाल बघितली, नारळ बघितला.

"काय काम काढलंत, भावोजी?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. माफीची, तिकिटाची, सत्काराची. तिथे स्टेजवर काय बोललो ते सांगणार होतो. एवढं सगळं सांगायला होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"काही काम नाही, वहिनी," मी म्हटलं. "घरी कोणी नसतं. एकटं राहवत नाही. म्हणून आलो."

खाली कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"स्टेजावर बोललात ते ऐकलं," त्या म्हणाल्या. "अनुजाने फोन लावून धरला होता. ते बोललात ते बरं केलंत. पण त्याचा मला एवढा राग नव्हता."

"मग?"

त्यांनी दारावरचा हात काढला. आवाज अगदी साधा होता.

"आता तुम्ही म्हणालात ना, एकटं राहवत नाही. सात दिवस मी तरी दुसरं काय सांगत होते?"

एवढं बोलून त्या आत गेल्या. दार उघडं होतं. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी चपला काढल्या, नारळ चपलांशेजारी ठेवला, आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिलो.